फीडर नंबर चार

गच्चीची किल्ली पडवळकाकांकडून सही करून घ्यावी लागते.
रजिस्टरात 'कारण' या रकान्यात
पहिल्यांदा मी लिहिलं होतं: तेजोमेघ.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणजे टाकीचंच काहीतरी ना?
तेव्हापासून मी 'टाकी' लिहितो.

दुर्बीण दुधाच्या किटलीएवढी,
डोंबिवलीच्या एकाने कॅनडाला जाताना विकलेली.
वाटीएवढं तोंड, आणि भूक कसली,
तर तेराशे वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाची.
मध्ये घणसोली.
मध्ये रबाळ्याचा नारिंगी धूर, पारसिकच्या अंगावरचे दिवे,
खाडीचा दमट वारा, भिंगावर साय धरणारा
(मुग्धाचा हेअर ड्रायर मी त्यासाठी पळवतो),
आणि या डिसेंबरात
कुठल्याशा वादळाने हाकलून दिलेले ढग.

ढगामागे ढग.
मागच्याला नाव आहे, नंबर आहे,
पुढचा नुसता आडवा.

ढगाळ रात्री एकच काम उरतं:
झाकण लावायचं आणि काळोखाचे फोटो काढायचे.
चेष्टा नाही. कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःचा गोंगाट असतो,
लाल-निळे ठिपके, आभाळात नसलेले.
तो मोजून ठेवायचा, मग चित्रातून वजा करायचा.
शालन म्हणाली, असं झाकण माणसांनाही हवं.
कुणाला, म्हटलं.
ती चहा गाळत राहिली.

नोकरी वीज कंपनीत.
ज्या उजेडाला गच्चीवरून शिव्या घालतो
त्याचाच पगार घेतो. मढवी हे सगळ्यांना सांगतो.

बुधवारी ढग होतेच.
तरी झाकण काढलं, कॅमेरा लावून दिला,
दोन-दोन मिनिटांचे फोटो, एकामागून एक,
दुकान बंद आहे हे दिसत असूनही
आपण शटर हलवून बघतो तसं.
पावणेदोनला मढवीचा फोन:
फीडर चार ट्रिप. अर्धी घणसोली गेली. येतोस?

नाल्याकाठची पेटी. जळक्या केबलचा वास.
फॉल्ट वेगळा काढला, सप्लाय दुसरीकडून वळवायचा होता.
टॉर्च हलवू नकोस रे, मी ओरडलो.
मढवी म्हणाला, वर बघ.

ढग फाटला होता.
मृग. आख्खा. चारही पाय, पोटात बाण,
आणि बाणाखाली, नुसत्या डोळ्यांना,
ओल्या बोटाने पुसल्यासारखा तो डाग.
एकोणीस वर्षं इथे राहतोय.
माझ्याच गल्लीवर हा असा उभा असतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच मिनिटं थांब ना, मढवी म्हणाला, कुणाला कळतंय.
मी हँडलवर हात ठेवून थांबलो. पाच नाही,
जास्तच असतील.
तिसऱ्या मजल्यावरून एक बाई:
दादा, किती वेळ अजून? बाळाला नेब्युलायझर लावायचाय.

दोन बत्तीसला हँडल दाबलं.
आधी डाग गेला. मग पाय.
बाणाचे तीन तारे तेवढे हट्टाने राहिले
आणि कुठेतरी एक मिक्सर आपोआप सुरू झाला.

सकाळी मोजले. एकशे सोळा फोटो.
आधीच्यांवर ढगाची गोधडी,
नंतरच्यांवर मी आणलेला नारिंगी उजेड.
मधले अकरा.
एकावर एक रचले, काळोख वजा केला,
आणि हळूहळू गुलाबी वर आलं, कडेला जांभळट,
दूध उतू जाताना फुगतं तसं.
मुग्धा म्हणाली, कोपऱ्यात ही रेघ कसली?
विमान असेल. एकाच फोटोत आहे,
काढता येते.
ठेवली.

त्या बाळाचं विचारायचं राहूनच गेलं.

किल्ली द्यायला गेलो तर पडवळकाका रजिस्टर उघडून,
रात्री लाइट गेले तेव्हा
टाकी भरलेली होती ना?
होती, म्हटलं.